पंचनाम्यातली 'एक स्त्री'

आमच्या ठाण्याचं नाव मी सांगणार नाही. निपाणी आणि चिकोडीच्या दरम्यान कुठंतरी, कोल्हापूर संस्थानाची हद्द पायी गाठता यायची अशा जागी ते होतं, एवढं पुरे. त्या गावाचा यात काही दोष नाही. दोष माझा आहे, आणि तो कबूल करायला मी म्हातारा होईपर्यंत थांबलो, हाही माझाच.

मी त्या ठाण्यावर रायटर होतो. म्हणजे हुद्द्यानं हवालदार, पण काठीऐवजी टाक चालवणारा. फिर्याद लिहायची, पंचनामा लिहायचा, बेळगावहून आलेल्या कागदांना उत्तरं तयार करायची आणि फौजदारसाहेबांच्या सहीला पुढं करायची. मॅट्रिकला मी दोनदा आपटलो होतो, पण इंग्रजी चार ओळी लिहिता यायच्या. तेवढ्यावर ठाण्यात माझा भाव होता. फौजदार येत, जात, रायटर तिथंच. वासरात लंगडी गाय शहाणी म्हणतात, तसा मी शहाणा होतो.

पोलीस लाइनीत मला दोन खोल्या होत्या. त्यात मी, माझी बायको, आमची एकुलती मुलगी आणि माझी थोरली बहीण. आक्काला चिकोडीच्या पलीकडं, पार कानडी मुलखात दिलं होतं. नवरा तापानं गेला तेव्हा ती पंचविशीचीही नसेल. सासरच्यांनी दोन लुगडी देऊन तिला माहेरी धाडली. माहेर म्हणजे मीच, आईवडील तोवर गेले होते. ती आली ती आमच्या घरचीच झाली. पहाटे उठून दळण, पाणी, शेणी, मुलीची वेणीफणी, सगळं तिच्याकडं. मी तिला सांभाळतो असं लोक म्हणायचे आणि मीही ते म्हणू द्यायचो. खरं तर कोण कुणाला सांभाळत होतं, ते माझ्या बायकोला विचारायला हवं होतं.

आक्का ठाण्यात पहिल्यांदा आली ती माझ्यामुळंच. बाजारात एका व्यापाऱ्याच्या बायकोची बोरमाळ गेली आणि संशयावरून एक बाई धरून आणली होती. बाईची अंगझडती बाईनंच घ्यायची, असा कायदा. एरवी आमचे लोक ठाणं झाडणाऱ्या म्हातारीला हाक मारायचे, पण ती त्या दिवशी लेकीकडं गेली होती. जमादार माझ्याकडं वळून म्हणाला, "रायटर, तुमची आक्का हाय की घरात. हाक मारा."

मी हाक मारली. आक्का पिठाचे हात पुसत आली. धरून आणलेली बाई भिंतीला चिकटून थरथरत होती, मराठीत विचारलेलं तिला काही कळत नव्हतं. आक्का तिच्याजवळ गेली आणि हळू म्हणाली, "अंजब्याड यव्वा." भिऊ नको गं बाई. ती बाई एकदम रडायलाच लागली. झडतीत काही निघालं नाही. मात्र रडता रडता तिनं आक्काला सांगितलं की माळ कुणी उचलली ते तिनं पाहिलं होतं, आणि दिवस मावळायच्या आत माळ सापडली. आमचे चार शिपाई सकाळपासून तिच्यावर ओरडत होते, त्यांना हे जमलं नव्हतं.

त्यानंतर आक्काला बोलावणं नेहमीचं झालं. झडतीची आमची रीत अशी: दोन शिपाई पाठ करून घोंगडं ताणून उभे राहायचे. घोंगड्याच्या आत आक्का आणि ती बाई. बाहेर मी टाक घेऊन, आणि माझ्या शेजारी दोन पंच, एखादा शिंपी, एखादा तंबाखूच्या वखारीतला मुनीम. आक्का आतून सांगायची, मी लिहायचो. पंचांना दिसायचं ते घोंगडं, आणि सही करायचे ते 'आमचे समक्ष' म्हणून. हसू नका, अशा पंचनाम्यांवर माणसं जेलात गेली आहेत.

पंचनाम्यात एक ठरलेलं वाक्य असायचं. 'सदर बाईची अंगझडती एका स्त्रीकडून सभ्यतेने घेण्यात आली.' एका स्त्रीकडून. नाव नाही. नाव लिहिलं तर चिकोडीच्या कोर्टात तिला साक्षीला उभं करावं लागेल, आणि लाइनीतली बाईमाणूस पिंजऱ्यात कशी उभी करायची? म्हणून मुद्देमाल काढला जमादारानं, असं लिहायचं. चांगल्या कामाचा शेरा पडायचा तो जमादाराच्या नावापुढं. ही रीत काही मी पाडली नव्हती. पण दहा-अकरा वर्षं माझ्या सख्ख्या बहिणीला मी माझ्याच अक्षरात 'एक स्त्री' लिहीत आलो आणि मला त्यात कधी काही खटकलं नाही.

आणखी एक सांगतो. झडती घेऊन आली की आक्का मागच्या दारानं यायची. तिथं बायको बादली भरून ठेवायची. नाना जातीच्या बायकांना शिवून आलेली, म्हणून थंडी असो, पाऊस असो, डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय चुलीकडं यायचं नाही. मीही ठाण्यातूनच यायचो, मीही नाना जातीच्या लोकांना हात लावून यायचो. माझ्यासाठी कधी कुणी बादली भरली नाही. मी पाय धुऊन सरळ पाटावर बसायचो. त्या बादलीची मला तेव्हा लाज वाटली नाही, आज वाटते.

मग महायुद्ध आलं आणि त्याच्या मागोमाग धान्याचं कंट्रोल आलं. इकडचे तांदूळ हद्दीपलीकडं संस्थानात नेऊन विकायचा धंदा सुरू झाला आणि तो बहुतेक बायकांनी उचलला. पिशव्या शिवून पोटाला बांधायच्या, वरून लुगडं, की झाली पोटुशी. नाक्यावर आमचे लोक गोंधळून जायचे. हात तर लावता येत नाही. एकदा जमादारानं एका खरोखरच्या दिवस भरलेल्या बाईला उन्हात दोन तास उभं करून ठेवलं आणि तिच्या मागून चार जणी तांदूळ घेऊन बिनघोर पार झाल्या. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय.

आक्का तिथं पोहोचली. तिनं आधी त्या बाईला सावलीत बसवून पाणी दिलं आणि मग जमादाराला म्हणाली, "भाऊ, पोटुशी बाई दमली की हात पाठीवर ठेवती. तांदूळ बांधलेली हात गाठीवर ठेवती. एवढं बगा की जरा."

झडती घ्यायचीही गरज पडेनाशी झाली. ती नाक्यावरच्या बाभळीखाली बसायची आणि येणाऱ्या बायकांचे हात बघायची. जिला थांबवायची तिलाही हळूच बाजूला घेऊन म्हणायची, "सोड बाई, गाठ सोड. पोरं किती हैत घरात?" पाच-सहा पोरांची निघाली तर फौजदारांकडं शब्द टाकायची. फौजदार बहुतेक वेळा ऐकायचे, कारण त्यांनाही ठाऊक होतं की मोठे मासे बैलगाडीनं जातात आणि जाऊ दिले जातात.

हे फौजदार धारवाडकडचे, शिकलेले, स्वभावानं मऊ. एके दिवशी बेळगावहून इंग्रजीत कागद आला. बायकांची धरपकड वाढली आहे, तेव्हा झडती, कोठडी आणि कोर्टात ने-आण करण्यासाठी तालुक्यात एक बाई कायम नेमण्याचा विचार आहे. तुमच्या ठाण्याच्या हद्दीत अशी लायक बाई असल्यास कळवावे. पट्टा, बिल्ला आणि लाइनीत एक खोली. फौजदारांनी कागद वाचला आणि हसून माझ्याकडं दिला.

"यात विचार कसला करायचा? तुझी आक्काच. मुंबईकडं बायका घ्यायला लागलेत पोलिसात. आज झडतीला घेतील, उद्या जमादार करतील. तिला विचार आणि उत्तर तयार कर, शिफारस माझी."

मी घरी जाऊन सांगितलं, आणि सांगताना मला आनंदच झाला होता, हे मी खोटं नाही सांगत. आक्का भाकरी थापत होती, तिचा हात थांबला.

"पट्टा मिळंल म्हंतोस?"

"मिळंल."

"आनि खोली? माझ्या नावावर?"

"तुझ्या नावावर."

तिनं थापलेली भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "तुज्या घरात मला काय कमी हाय असं न्हाय म्हणत मी, बरं का. वैनीबी चांगली हाय. पर आपली आपली एक खोली असावी रं. पानी कुठं घ्यायचं, कवा घ्यायचं, आपलं आपुन ठरवावं."

मुलगी तर नाचायलाच लागली. "आत्ती फौजदार होणार!" ती तेव्हा पंधरा वर्षांची होती, सातवी पास. आक्काला अक्षर येत नव्हतं. "सरकारी नोकरीत अंगठा चालत न्हाय," असं सांगून पोरीनं तिला सही शिकवायला घेतली. दुपारी कामं आटोपली की दोघी पाटी घेऊन बसायच्या. आक्काचं नाव तीन अक्षरांचं. पहिलं अक्षर तिला जमेना, ते नेहमी उलट्या बाजूला वळायचं आणि मग दोघी हसायच्या.

त्याच आठवड्यात मुलीला बघायला पाहुणे आले. खानापूरकडचं घर, मुलगा बेळगावात शाळामास्तर. असं स्थळ आमच्यासारख्याला पुन्हा मिळणार नव्हतं. सगळं पसंत पडलं. पोहे झाले, चहा झाला. मुलाचा चुलता माझ्याबरोबर बाहेर कट्ट्यावर आला, पान जुळवत जुळवत म्हणाला, "तुमच्यातलं कोण बाईमाणूस चौकीवर जातंय म्हनं? चोरट्या बायकांची अंगं चाचपायला?"

मी काय म्हणायला हवं होतं ते मला आज पाठ आहे. माझी बहीण जाते, आणि ठाण्यातल्या सगळ्यांपेक्षा चांगलं काम करते, असं म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "छे छे, तसं काय न्हाय. साहेबांचं लईच अडलं तर कधीमधी. आता तेबी बंद करणार."

"बंदच करा," चुलता म्हणाला. "आमच्याकडं चार लोक नावं ठेवत्यात."

एवढंच. त्यानं लग्न मोडतो असं म्हटलं नाही, की अट घातली नाही. त्यानं नुसती पानाची पिंक टाकली आणि मी गार झालो. पट्टा लावलेली आत्या लग्नात मांडवात फिरणार, चार लोक बोट दाखवणार, हे मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं. मला तिची लाज वाटली. जिच्या हातची भाकरी खाऊन मी ठाण्यात जायचो तिची.

दुसऱ्या दिवशी मी फौजदारांसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "साहेब, आक्का नको म्हणते."

त्यांनी मान वर केली. "नीट विचारलंस ना?"

"विचारलं, साहेब."

"वाईट झालं," ते म्हणाले. "बरं, तसं लिही."

मी तसं लिहिलं. या ठाण्याकडे एक स्त्री झडतीचे काम समाधानकारकरीत्या करते, परंतु घरगुती कारणामुळे सदर स्त्रीची नोकरी पत्करण्याची इच्छा नाही. इंग्रजीत ते वाक्य फार झोकदार उतरलं होतं. मी ते दोनदा वाचून पाहिलं आणि स्पेलिंग बरोबर आहे ना एवढंच तपासलं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. तो दांडा शाईच्या टाकाचाही असतो.

घरी आक्का विचारायची, "गेला का रं कागद?"

"गेला."

"मग?"

"सरकारी काम हाय आक्का, वेळ लागतो."

ती पुन्हा पाटीकडं वळायची. पहिलं अक्षर आता सरळ यायला लागलं होतं. मी पेपर डोळ्यांसमोर धरून बसायचो. तीन-चार महिने असे गेले. दर आठवड्याला एकदा ती विचारायची, मग पंधरा दिवसांनी, आणि मग तिनं विचारणं सोडलं. मला वाटलं, विसरली. मनातल्या मनात मी सुटलो म्हणालो.

लग्नाला पंधरा दिवस राहिले असताना बेळगावहून डेप्युटी साहेब ठाण्याच्या तपासणीला आले. मराठी माणूस, करडा, पण डोळे उघडे ठेवणारा. तपासणी चालू असतानाच नाक्यावरून सात बायका आणल्या. साहेब खुर्चीत बसून बघत होते. आक्का आली, सातही जणींकडं एकदा पाहिलं, त्यातल्या तिघींना बाजूला बसवलं आणि चौघींना म्हणाली, "तुमी जावा घरला." तिघींच्या तिघींकडं तांदूळ निघाले, एका शब्दाचाही आरडाओरडा न होता.

साहेबांनी फौजदारांना विचारलं, "ह्याच का त्या बाई, नोकरी नको म्हणणाऱ्या?"

माझ्या हातातलं दफ्तर जड झालं. फौजदार म्हणाले, "होय साहेब, ह्याच. या आमच्या रायटरच्या भगिनी."

साहेब आक्काकडं वळले. "बाई, तुमच्या ठाण्यानं आम्हाला लिहून कळवलं की तुमची इच्छा नाही. मी तो कागद स्वतः वाचलाय. तुमच्यासारखी बाई सगळ्या जिल्ह्यात शोधून सापडायची नाही. का नको म्हणालात?"

आक्कानं माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही, चूल पेटली का बघायला बघतात तेवढंच. मी खाली बघितलं. तिनं नुसतं "मी कवा नको म्हटलं?" एवढं म्हटलं असतं, तरी खोटा अहवाल लिहिला म्हणून माझा पट्टा तिथंच उतरला असता, आणि तो उतरायलाच हवा होता.

आक्का म्हणाली, "व्हय साहेब. मीच नको म्हटलं."

"पण का?"

"भाचीचं लगीन हाय, साहेब. पावनं मोठ्या घरचं हैत. आत्ती पोलिसात, म्हणून पोरीला कुणी बोल लावू नये."

म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. पाहुणे आले त्या दिवशी ती मागच्या अंगणात पाणी घेत होती आणि कट्टा तिथून दहा पावलांवर. तिनं ऐकलं होतं. कागदात मी काय लिहिलं असेल हे तिनं माझ्या तोंडावरून ओळखलं असेल. बायकांचे हात बघून ज्या बाईला गाठ कुठं आहे ते कळत होतं, तिला सख्ख्या भावाचं तोंड वाचायला किती वेळ लागणार?

साहेब म्हणाले, "लग्न झाल्यावर तरी या."

"बगू," आक्का म्हणाली आणि पदर सारखा करून उठली.

त्या जागेवर रायबागकडची एक बाई नेमल्याचं पुढं महिन्याभरात कळलं. पण ते नंतर. त्या दिवशी मी सुट्टी मागून तिच्या मागोमाग घराकडं निघालो. ती पुढं, मी चार पावलं मागं. लाइनीच्या कोपऱ्यावर मी कसाबसा म्हणालो, "आक्का, माझी चूक झाली."

ती वळली. रागावली असती तर बरं झालं असतं, पण आवाज नेहमीचाच होता.

"हे घरात बोलू नगंस. पोरीला कळंल. तिला वाटतंय आपला आण्णा लई मोठ्या मनाचा हाय. दोन आठवड्यांनी ती जानार. ते तिचं तिच्याजवळ राहू दे."

मी राहू दिलं. मला ते फार सोपं गेलं.

लग्न थाटात झालं. स्वातंत्र्य आलं, आक्काचे केस पिकले, आणि झडतीची बोलावणी मात्र तिला येतच राहिली. मुलगी माहेरी आली की जेवताना हटकून तो विषय काढायची. ती स्वतः पुढं शाळेत शिकवायला लागली होती, स्वतःच्या पगाराची झाली होती, आणि तिला आत्याचा मनापासून राग यायचा.

"आत्ती, तू म्हणजे अगदी बावळट बघ. आण्णांनी एवढी खटपट केली, साहेब दारात आला, आणि तूच नको म्हणालीस! भीती वाटली होय गं?"

"व्हय गं," आक्का हसून म्हणायची, "भ्यालेच बग मी."

आणि मी खाली मान घालून जेवत असायचो.